हट्टीची सोन्याची खाण : कस चांगला, हीण जास्त

आधी निकाल, मग कारणं. हट्टीचा खडक चांगला आहे. गिरणी समाधानकारक आहे. शाफ्टची, म्हणजे माल वर काढणाऱ्या उभ्या विहिरीची, उचलण्याची ताकद तोकडी आहे, आणि खडकात सोन्यासोबत येणारं हीण जरुरीपेक्षा जास्त आहे. वाढीला जागा आहे, पण सोन्याचा भाव चढला की जी गणितं मांडली जातात त्यांत ती सापडणार नाही.

कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात, कृष्णा आणि तुंगभद्रेच्या दोआबात हट्टी आहे. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. तेव्हापासून जमिनीखाली सलग चालणारी आणि नाव घेण्याजोगं सोनं काढणारी देशातली खाण हीच. उत्पादन वर्षाला साधारण दीड टनाच्या आसपास, कधी थोडं वर, करोनाच्या काळात बरंच खाली. देश दरवर्षी सातशे-आठशे टन सोनं विकत घेतो. त्यापुढे हा आकडा चिमूटभरच आहे, म्हणून ‘हट्टीमुळे आयात कमी होईल’ असं कुणी म्हणालं तर ते कानाआड करावं. खाण चांगली की वाईट हे तिच्या टनामागच्या खर्चावरून ठरतं, देशाच्या हौसेवरून नाही.

हट्टीचा शेअर मिळतो का, हा वारंवार विचारला जाणारा प्रश्न इथेच मोडीत काढू. हट्टी गोल्ड माइन्स ही कर्नाटक सरकारची कंपनी आहे आणि शेअर बाजारात तिची नोंदणी नाही. ‘हट्टीचा शेअर’ देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आंध्रातल्या जोन्नागिरी प्रकल्पाशी संबंधित कंपनीचे शेअर बाजारात मिळतात, पण ती उघडी खाण आहे. तिचा धंदा वेगळा, तिचे धोकेही वेगळे.

मराठवाड्याच्या वाचकाला ही खाण तशी परकी नाही. १९४७ साली ‘हैदराबाद गोल्ड माइन्स’ या नावाने निजाम सरकारने कंपनी काढली, तेव्हा बीड, उस्मानाबाद आणि रायचूर एकाच राज्यात होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत रायचूर म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढे कंपनीचं नाव बदललं. त्याआधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलारवाल्या जॉन टेलर कंपनीने इथे काही वर्षं काम करून गाशा गुंडाळला होता. आणि या सगळ्यांच्या आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, इथली माणसं ६४० फूट खोल उतरली होती. खडकावर आग पेटवायची, तो तापला की पाणी ओतायचं, तडकला की हातोडीने सोलून काढायचा, अशी ती रीत. खाली सापडलेल्या लाकडाच्या कार्बन तपासणीवरून हा काळ कळला. जवळच मस्कीला १९१५ साली अशोकाचा शिलालेख सापडला, ज्यात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट कोरलेलं आहे. तो शोधणारा बीडन हा सोन्याच्या खाणींचा अभियंता होता. सोनं शोधायला गेला आणि अशोक घेऊन आला.

जुन्या खोदकामांचं कौतुक करावंच, पण खाणवाल्याला त्यांची भीती जास्त. ही पोकळी कुठल्याही नकाशावर नसते आणि बहुतेक वेळा पाण्याने भरलेली असते. वरच्या लेव्हलवर, म्हणजे खाणीच्या मजल्यावर, त्या दिशेने ड्राइव्ह (आडवा बोगदा) न्यायची असेल तर फेसच्या, म्हणजे बोगद्याच्या खोदायच्या तोंडाच्या, पुढे लांब चाचणी-भोक मारल्याशिवाय एक स्फोटही करू नये, आणि ते भोक बंद करायची लाकडी खुंटी हाताशी ठेवावी.

आता खडक. हट्टी-मस्की पट्टा हा फार जुन्या लाव्ह्याचा, दाबाखाली रूपांतर होऊन ॲम्फिबोलाइट झालेला. त्यात एकमेकींना जवळजवळ समांतर जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या, म्हणजे रीफ, आहेत : ओकलीज रीफ, मिडल रीफ, मेन रीफ, स्ट्राइक रीफ, व्हिलेज रीफ वगैरे. त्या साधारण उत्तर-दक्षिण पसरतात आणि पश्चिमेकडे तीव्र उताराने खाली जातात. क्वार्ट्झच्या शिरेइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष शिरेच्या बाजूच्या काळपट, बायोटाइटने (काळ्या अभ्रकाने) भरलेल्या खडकाकडे द्यावं लागतं, कारण सोनं तिथेही असतं. सोबतीला आर्सेनोपायराइट, पायरोटाइट आणि पायराइट ही गंधकाची खनिजं. ही तिन्ही नावं लक्षात ठेवा, गिरणीत ती पुन्हा भेटतील.

उभट उतार ही देणगी आहे. फोडलेला माल स्वतःच्या वजनाने खाली घसरतो, ओढावा लागत नाही. बाजूचा खडकही बऱ्यापैकी घट्ट आहे. म्हणून खडकाला पूर्ण गुण.

गुण जातात ते रुंदीत. सोनाराकडे सोन्यात हीण असतं, खाणीत त्याला डायल्यूशन म्हणतात. सोनाराचं हीण मुद्दाम घातलेलं असतं, खाणीतलं आपोआप पडतं. एक साधं गणित करू, आकडे समजण्यापुरते. रीफ १.२ मीटर रुंद आहे आणि तिची प्रत टनामागे ५ ग्रॅम. स्टोप, म्हणजे रीफमधून माल काढायची जागा, फोडताना दोन्ही बाजूंचा तीस-तीस सेंटिमीटर खडक सोबत आला. आता रुंदी १.८ मीटर झाली आणि प्रत ३.३ ग्रॅमवर आली. सोनं तेवढंच, पण गिरणीपर्यंत जाणाऱ्या दर तीन टनांतला एक टन निव्वळ दगड. तो फोडायचा, भरायचा, उचलायचा, दळायचा, सायनाइडमध्ये भिजवायचा आणि शेवटी टेलिंगच्या, म्हणजे सोनं काढून उरलेल्या गाळाच्या, धरणात टाकायचा, प्रत्येक पायरीला पैसे मोजून.

तीस सेंटिमीटर येतात कुठून? बहुतेक वेळा ड्रिलच्या वाकण्यातून. लांब भोकांच्या पद्धतीत, म्हणजे सब-लेव्हल स्टोपिंगमध्ये, ५७ मिलिमीटरच्या आसपासची भोकं बारा-पंधरा मीटर मारतात. पंधरा मीटरवर दोन टक्के जरी भोक वाकलं तरी टोक तीस सेंटिमीटर सरकतं. अरुंद रीफमध्ये ते टोक थेट बाजूच्या भिंतीत घुसतं. तिथल्या स्फोटाने भिंत सुटते, आणि भिंत एकदा सुटली की पुढचे काही दिवस पापुद्रे गळतच राहतात. उपाय माहितीतलेच आहेत. ड्रिलचं मशीन आधी पातळीत बसवून जॅकने पक्कं आवळायचं. रॉड झिजलेले वापरायचे नाहीत. शक्य तिथे बारा मीटरच्या पुढे जायचंच नाही, म्हणजे सब-लेव्हल (दोन लेव्हलमधले छोटे मजले) जवळजवळ ठेवायच्या. भिंतीलगतच्या भोकांत बारुद हलका भरायचा. यातला ‘सब-लेव्हल जवळ ठेवायच्या’ हा उपाय खर्चिक, कारण त्याने खोदकामाचे मीटर वाढतात. म्हणून टाळला जातो तो नेमका हाच.

दुसरी पद्धत कट-अँड-फिल. दोन मीटरची एक पट्टी जॅकहॅमर आणि एअरलेग या हाती ड्रिलनी फोडायची, माल काढायचा, पोकळी वाळूने भरायची, त्या भरावावर उभं राहून वरची पट्टी फोडायची. इथे माणूस रीफ डोळ्यांनी बघतो, वळली तर सोबत वळतो, म्हणून हीण बरंच कमी. पण टन कमी आणि माणसं जास्त. आमचं मत असं, की रीफ दीड मीटरपेक्षा अरुंद आणि वळणांची असेल तर हाच मार्ग धरावा. टनांचा मासिक आकडा गाठण्यासाठी अशा रीफवर लांब भोकांचा स्टोप लावणं म्हणजे चांगल्या सोन्यात आपल्या हाताने तांबं ओतणं.

भरावाची वाळू गिरणीतूनच येते. टेलिंगमधला बारीक गाळ सायक्लोन नावाच्या यंत्राने वेगळा काढायचा आणि जाड भाग पाण्यासोबत पाइपने खाली सोडायचा. जुना ठोकताळा असा, की भरावातून पाणी तासाला दहा सेंटिमीटर तरी झिरपलं पाहिजे. सायक्लोनचं तोंड झिजलं की गाळ भरावात शिरतो, झिरपणं मंदावतं, पाणी मागे साठतं आणि भराव अडवणाऱ्या भिंतीवर, म्हणजे बॅरिकेडवर, दाब चढतो. बॅरिकेड फुटलं तर खालच्या लेव्हलवर चिखलाचा लोंढा येतो, त्याला थांबवायला काहीच उपाय नसतो. म्हणून रोजची तीन कामं चुकवू नयेत : सायक्लोनच्या खालच्या धारेचा नमुना चाळून बघणं, बॅरिकेडमधून येणारं पाणी मोजणं आणि ते गढूळ आहे की नितळ हे पाहणं. गढूळ पाणी म्हणजे वाळू वाहून चालली. अचानक बंद झालेलं पाणी त्याहून वाईट.

ड्राइव्हचं रोजचं चक्र थोडक्यात. सव्वादोन-अडीच मीटरच्या चौकोनी फेसवर बत्तीस-चौतीस मिलिमीटरची तीसेक भोकं, खोली दीड ते पावणेदोन मीटर, मध्ये बर्न कट, म्हणजे आधी उडवायच्या समांतर भोकांचा पुंजका. बर्न कटची भोकं एकमेकांना समांतर नसली तर फेस ओढला जात नाही आणि मागे बुडखे, म्हणजे भोकांचे तळ, राहतात. बुडख्यात न फुटलेला बारुद असू शकतो, त्यात पुन्हा भोक मारणं हा गुन्हाच समजावा. बारुद भरणं, नॉनेलने (बिनविजेच्या वातीने) उडवणं, धूर जाईपर्यंत थांबणं, छत झोडून सैल दगड पाडणं, पाणी मारणं आणि मग रॉकर शॉव्हेल किंवा एलएचडी या भरणाऱ्या यंत्रांनी माल भरणं. सगळं जमलं तर दिवसाला एक स्फोट, महिन्याला पस्तीसेक मीटर. दोनशे मीटर रीफ उघडायची तर दोन फेसवरून तीन महिने, त्यानंतर रेझ (वर जाणारा उभा बोगदा), ड्रॉ-पॉइंट (माल उपसायची जागा), मॅनवे (माणसांची वाट). म्हणजे आज सुरू केलेल्या खोदकामातून खरी टनांची धार वर्षभराने लागते. खाणीची तब्येत पाहायची असेल तर या महिन्याचं सोनं विचारू नका, गेल्या वर्षी किती मीटर खोदले ते विचारा.

हट्टीत मल्लप्पा शाफ्ट, सेंट्रल शाफ्ट आणि व्हिलेज शाफ्ट या उभ्या विहिरींतून माणसं आणि माल ये-जा करतात. काम आठशे मीटरच्या पुढे गेलेलं आहे. खाण जितकी खोल, तितकी स्किपची, म्हणजे माल उचलणाऱ्या डब्याची, एक फेरी लांब. पुन्हा ढोबळ गणित : पाच टनांची स्किप, तासाला वीस फेऱ्या, म्हणजे शंभर टन. दिवसात चोवीस तास असले तरी माणसं चढवणं-उतरवणं, दोराची तपासणी, शाफ्टची तपासणी, ओअर पास (माल खाली सोडायचं उभं भोक) अडकणं आणि वीज जाणं हे सगळं वजा केलं की प्रत्यक्ष माल ओढायला बारा-तेरा तास उरतात. बाराशे-तेराशे टन. त्यातले एक तृतीयांश हीण असेल तर कामाचे आठशेच. या ओळीत हट्टीच्या वाढीचं सगळं कोडं आहे.

दोराचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ नुसार वाइंडिंग दोराचं टोक दर सहा महिन्यांनी कापून नव्याने कॅपल (दोर आणि केज-स्किप यांचा जोड) बसवावं लागतं, आणि दोर साडेतीन वर्षांच्या वर वापरायचा तर वेगळी परवानगी लागते. कापलेला तुकडा उघडून आतल्या तारा गंजल्यात का हे बघणं हेच त्या कामातलं खरं काम. ओअर पास अडकण्याचं कारण बहुधा ओला बारीक चुरा आणि ग्रिझलीवरून, म्हणजे पासच्या तोंडावरच्या जाळीवरून, निसटलेला एखादा मोठा दगड. ग्रिझलीच्या कांबी वाकलेल्या दिसत असूनही आठवडाभर तशाच राहिल्या तर पुढची दोन शिफ्ट अडकलेला पास मोकळा करण्यात जाणार हे नक्की.

हवा-पाण्याबद्दल फार लिहीत नाही. कोलारच्या चॅम्पियन रीफमध्ये तीन किलोमीटरच्या खाली खडकच साठ अंशांच्या वर तापलेला होता. हट्टी त्या खोलीच्या जवळपासही नाही. नियमाप्रमाणे ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरचं (वेट-बल्ब) तापमान ३३.५ अंशांवर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेलं तर वारा सेकंदाला किमान एक मीटर हवा. स्टोपमध्ये हे पाळायला वाऱ्याचे दरवाजे बंद राहिले पाहिजेत. खालच्या लेव्हलवर हवा मिळत नाही अशी तक्रार आली तर पंखा बदलायच्या आधी दरवाजे तपासा, दहापैकी आठ वेळा दोष तिथेच निघतो. रॉकबर्स्टचा, म्हणजे दाबाने खडक अचानक फुटण्याचा, प्रश्न मात्र खोलीसोबत वाढणार. कोलारच्या याच दुखण्यामुळे तिथे १९८८ मध्ये राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था उभी राहिली.

वर आलेल्या मालाचं काय होतं, तर आधी क्रशर. तीन टप्प्यांत फोडून माल बोटभर जाडीच्या आत आणायचा, मग बॉल मिलमध्ये (पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात) इतका दळायचा की पंचाहत्तर-ऐंशी टक्के पीठ ७४ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल. त्याच फेरीत गुरुत्वाने चालणारं यंत्र, नेल्सन कॉन्सन्ट्रेटरसारखं, जाड मोकळं सोनं आधीच उचलून घेतं. ही पायरी चैन नव्हे. जाड कण सायनाइडमध्ये विरघळायला दोन-दोन दिवस घेतात, टाक्यांत तेवढा वेळ नसतो. शिवाय जाड सोनं मिलच्या लायनरमागे (आतल्या अस्तरामागे) आणि पंपांच्या कोनाड्यांत जाऊन बसतं. लायनर बदलताना निघणारा चुरा तोलून, कुलपात, दोन माणसांच्या सह्यांनी ठेवायचा असतो, त्याला कारण आहे.

उरलेल्या लगद्यात चुना घालून पीएच साडेदहा-अकरा करायचा, मग सायनाइड. पीएच दहाच्या खाली घसरला की विषारी वायू सुटतो आणि सायनाइड हवेत उडून वाया जातं, म्हणजे जीव आणि पैसा दोन्ही एकाच चुकीत. इथे पायरोटाइट आडवं येतं. ते लगद्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि ऑक्सिजनशिवाय सायनाइड सोनं विरघळवत नाही. म्हणून सायनाइड घालण्याआधी चुन्याच्या लगद्यात काही तास नुसती हवा सोडायची, पायरोटाइटचं तोंड बंद होऊ द्यायचं. प्रयोगशाळेतला माणूस सायनाइड वाढवू म्हणत असेल तर आधी ऑक्सिजन मीटर दाखवायला सांगावं. आर्सेनोपायराइटचं दुखणं वेगळं : त्याच्या कणाच्या पोटात सोनं कोंडलेलं असतं, तिथे सायनाइड पोचतच नाही. आणखी बारीक दळलं तर काही सुटतं, पण दळणाची वीज महाग. ही सीमा प्रत्येक रीफसाठी वेगळी निघते, त्यामुळे सगळ्या रीफचा माल एकाच ढिगात मिसळण्याआधी प्रत्येकीची स्वतंत्र चाचणी हवी.

विरघळलेलं सोनं टाक्यांतल्या नारळाच्या कवटीच्या कोळशावर चढतं, कोळसा चाळून काढायचा, गरम कॉस्टिक-सायनाइडच्या द्रावणाने त्यावरचं सोनं उतरवायचं, विजेने स्टील वुलवर बसवायचं आणि टाकणखार, सोडा नि वाळूसोबत भट्टीत ओतायचं. कोळसा ॲसिडने धुऊन साडेसहाशे-सातशे अंशांवर भाजला की पुन्हा वापरता येतो. भाजणं टाळलं तर कोळसा दिसायला काळाच राहतो पण सोनं धरत नाही. चाळणीला बारीक भोक पडलं तर कोळशाचा चुरा सोन्यासकट टेलिंगमध्ये निघून जातो. टेलिंगची प्रत अचानक चढली की पहिला संशय चाळणीवर घ्यावा.

आता ज्यात बाहेरचा माणूस हमखास फसतो तो भाग. खाणीच्या नमुन्यांवरून सोनं किती यायला हवं होतं आणि गिरणीत प्रत्यक्ष, टेलिंगमधलं धरून, किती हिशोबात आलं, या दोघांच्या गुणोत्तराला माइन कॉल फॅक्टर म्हणतात. ते शंभरच्या खाली बरंच राहिलं तर चोरी हा पहिला अंदाज सगळे करतात. असतेही कधी. पण साधी कारणं आधी तपासावीत. फेसवर खोबण मारून नमुना घेताना मऊ, सोनेरी भाग जास्त तुटतो आणि कठीण भाग कमी, त्यामुळे नमुना खोटा श्रीमंत होतो. बारीक चुऱ्यात सोनं जास्त असतं आणि तो चुरा स्टोपच्या तळाशी, भरावाच्या फटींत राहून जातो. कट-अँड-फिलमध्ये माल काढायच्या आधी वाळूवर फळ्या किंवा जुना कन्व्हेयर पट्टा अंथरणं हा फुकटात मिळणाऱ्या सोन्याचा उपाय आहे. आणि वजनकाटा. बेल्टवरचा काटा महिन्यातून एकदा तरी प्रमाणित केला नाही तर बाकीच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही.

सरकारची रॉयल्टी मुख्य सोन्याच्या खाणीला लंडनच्या भावाच्या ४ टक्के, आणि ती उत्पादित खनिजात असलेल्या सोन्यावर, हाती आलेल्या सोन्यावर नाही. म्हणजे टेलिंगमध्ये गेलेल्या ग्रॅमवरही रॉयल्टी भरावी लागते. त्यावर जुन्या खाणपट्ट्यांना (भाडेपट्ट्यांना) जिल्हा खनिज निधीचे रॉयल्टीच्या ३० टक्के. गिरणीची वसुली, म्हणजे मालातल्या सोन्यापैकी हाती येणारा भाग, एक टक्का वाढवण्याचं मोल यामुळे कागदावर दिसतं त्याहून जास्त असतं.

तर भाव. कोलार बंद झाली तेव्हा दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आत होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते लाखाला भिडलं. समजा भाव ग्रॅमला दहा हजार, वसुली नव्वद टक्के, रॉयल्टी आणि निधी वजा जाता हातात साडेआठ हजारांच्या आसपास, आणि खाणीचा एकूण खर्च टनामागे बारा हजार. तर गिरणीच्या तोंडाशी १.४ ग्रॅमचा माल तोटा करत नाही. आधीच्या उदाहरणातलं हीण धरलं तर रीफमध्ये २.१ ग्रॅम हवं. काल टाकाऊ असलेली कितीतरी रीफ आज कामाची ठरते. इथेच मोह होतो. पण शाफ्ट तेवढीच आहे. दोन ग्रॅमचा माल उचलायला घेतलेली प्रत्येक स्किप पाच ग्रॅमच्या मालाची जागा खाते. भाव चढलेला असताना खाणीचं सोनं किलोत घटतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. उचल अडलेली असताना कट-ऑफ, म्हणजे किती प्रतीच्या खालचा माल सोडून द्यायचा ती सीमा, खर्चावर नव्हे, शाफ्टच्या तासावर ठरवायचा : एका तासात कोणता माल ओढल्याने जास्त पैसे मिळतात ते बघायचं.

म्हणून वाढीचा पहिला मार्ग नवी वर्तुळाकार शाफ्ट, जवळजवळ किलोमीटरभर खोलीची. कंपनीने ते काम हाती घेतलं हे बरोबरच. पण अपेक्षा जमिनीवर ठेवा. शाफ्ट खोदताना महिन्याला तीस-चाळीस मीटर मिळाले तर उत्तम समजतात. नऊशे-साडेनऊशे मीटरला नुसतं खोदकामच अडीच वर्षं, त्याआधी हेडगिअर (वरचा मनोरा) आणि वाइंडर (दोर ओढणारं यंत्र), त्यानंतर आतली सजावट, लोडिंग पॉकेट (स्किप भरायची जागा), लेव्हलना जोडणारे क्रॉसकट. पाणी लागलं तर ग्राउटिंगचे, म्हणजे खडकाच्या फटी सिमेंटने बुजवण्याचे, महिने वेगळे. आणि शाफ्ट तयार झाली त्या दिवशी तिला पुरेल इतका फोडलेला माल खाली नसेल, तर ती महागडी विहीर ठरते. खोदकामाचे मीटर शाफ्टच्या आधी दोन वर्षं वाढायला हवेत.

दुसरा मार्ग आजूबाजूच्या लहान खाणी. जवळच्या ऊटी गावची उघडी खाण आणि हिरा-बुद्दिनी हट्टीच्या गिरणीला माल देऊ शकतात, आणि हट्टीच्या शाफ्टची एकही फेरी त्यात खर्च होत नाही. हे त्यांचं खरं मोल. मात्र ट्रकचं भाडं टनाला लागतं, ग्रॅमला नाही, त्यामुळे तिथे दगड वेचून टाकण्याची कडक शिस्त हवी. तिसरा मार्ग जुन्या टेलिंगचे ढीग. दळणाचा आणि उचलीचा खर्च आधीच झालेला असतो. कोलारला तीन कोटी टनांहून जास्त ढीग पडून आहेत आणि त्यातून सोनं काढायची हालचाल चालू आहे. हट्टीच्या खनिजात टंगस्टनचं शीलाइटही आहे. ते जोडउत्पादन म्हणून ठीक, त्यावर वाढीचा डोलारा उभा राहत नाही. चौथा मार्ग, खोल ड्रिलिंग करून साठा वाढवणं, लागतोच. पण आज साठ्याअभावी काही अडलेलं नाही.

टेलिंगबद्दल एक गुण कापावा लागतो. आर्सेनोपायराइट हवा-पाण्यात कुजलं की आर्सेनिक सोडतं. उत्तर कर्नाटकातल्या सोन्याच्या पट्ट्यांतल्या काही गावांच्या, जसं यादगीर जिल्ह्यातल्या किरदळ्ळी तांड्याच्या, पाण्यात ते आढळल्याच्या नोंदी आहेत. खडकातच आर्सेनिक असल्याने सगळा दोष खाणीचा म्हणता येत नाही, पण म्हणूनच धरणाच्या खालच्या अंगाला विंधनविहिरी घेऊन दर तिमाहीला आकडे गावाला दिसतील असे लावायला हवेत. सायनाइड उन्हात आणि हवेत हळूहळू विघटित होतं. आर्सेनिक कुठेही जात नाही.

शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांसाठी : नागपूरच्या व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकी शिकवतात, भारतीय खाण ब्युरो आणि खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल यांची मुख्यालयंही नागपुरातच. कोळशाच्या खाणीचं प्रमाणपत्र इथे चालत नाही, मेटॅलिफेरस खाणीचं वेगळं काढावं लागतं. विदर्भातून येणाऱ्या उमेदवारांची गाडी नेमकी इथे अडते. यंत्रसामग्री विकणाऱ्यांनी मोठ्या मशीनची पत्रकं नेऊ नयेत. सव्वादोन मीटरच्या ड्राइव्हमध्ये मावणारी, केजमधून (माणसं नेणाऱ्या पिंजऱ्यातून) सुटी करून खाली नेता येतील अशी आणि सुटे भाग दोन दिवसांत रायचूरला पोचतील अशीच यंत्रं इथे टिकतात. निविदेत ‘कमाल रुंदी’चा रकाना आधी वाचा, किंमत नंतर.